टिकणारी शांती

(धरमपेठ, नागपूर येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेनंतर झालेल्या देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'ख्रिस्ती श्रद्धा आणि मनःशांती' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांनी सूचना केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही म्हणजे कोणी पंडित किंवा धर्मोपदेशक नव्हे. निवृत्त शिक्षक, जुन्या परिचारिका आणि दोनतीन गृहिणी असा आमचा लहानसा मेळ आहे. काही वर्षांपासून आठवड्यातून दोन सायंकाळी या रुग्णालयात येऊन ज्यांच्याजवळ कोणी नाही त्यांच्याजवळ बसावे, एवढेच आमचे काम. आम्ही ख्रिस्ती आहोत. ज्यांच्याजवळ बसतो त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती नाहीत. या सभागृहातही तसेच आहे. त्यामुळे आमच्या श्रद्धेविषयी येथे बोलणे उचित होईल का, हा पहिला संकोच. दुसरा याहून मोठा होता. भाषण संपल्यावर आपल्यापैकी काहीजण चहा घेऊन घरी जातील आणि काहीजण जिना चढून पुन्हा त्या खाटेपाशी जातील. शांतीविषयी सुंदर बोलणे पहिल्यांना आवडेल; दुसऱ्यांना त्याचा उपयोग काय?

म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. रुग्णाच्या खाटेपाशी आम्ही धर्माची गोष्ट आपण होऊन काढत नाही. दुखण्याने खचलेल्या माणसाची असहायता ही कोणाच्याही उपदेशाची संधी होऊ नये, हा विश्वस्तांचा नियम आहे आणि तो आम्हांला मनापासून मान्य आहे. कोणी विचारले तर सांगतो, कोणी प्रार्थना करा म्हणाले तर करतो. आज आपण विचारले आहे, म्हणून सांगतो.

आणि सांगायचे तर आमच्या एका चुकीपासूनच सांगितले पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी गोंदियाकडील एक बाई आपल्या यजमानांना घेऊन नागपुरात आल्या होत्या. यजमान अतिदक्षता विभागात, बाहेरच्या बाकावर बाई एकट्या. त्या आपण होऊन आम्हांला म्हणाल्या, "ताई, तुम्ही देवाचं करता म्हणे. माझ्यासाठी काही म्हणा." आम्ही प्रार्थना केली. तेथवर सारे ठीक होते. पण त्यांचा चेहरा पाहून आमच्याने राहवले नाही आणि आम्ही बोलून गेलो, "विश्वास ठेवा, सर्व चांगलं होईल." तिसऱ्या दिवशी पहाटे यजमान गेले. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत बाई त्याच बाकावर बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्या रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "का हो ताई, माझा विश्वास कमी पडला काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. जो बोल आम्ही धीर म्हणून दिला होता, तोच फिरून त्या बाईंवर आरोप होऊन बसला होता. जे देणे आमच्या हाती नव्हते, त्याचे आश्वासन आम्ही देवाच्या नावे देऊन बसलो होतो. आमच्याच धर्मग्रंथाकडे आणि आमच्याच पूर्वसूरींकडे नीट पाहण्याची बुद्धी आम्हांला त्या प्रश्नाने झाली. आज जे बोलणार आहोत ते पुष्कळसे त्या बाईंना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

मराठीत 'चिरशांती' असा एक शब्द आहे. तो आपण केवळ मृतांसाठी राखून ठेवला आहे. जिवंत माणसाला मिळते ती फार तर घटकाभराची शांती, कायमची मिळेल ती मेल्यावर, अशी आपल्या भाषेचीच समजूत दिसते. बायबलच्या जुन्या करारातील इब्री भाषेत शांतीसाठी 'शालोम' हा शब्द आहे. निव्वळ गडबड नसणे एवढाच त्याचा अर्थ नाही. पूर्णपणा, क्षेम, मोडलेले पुन्हा सांधले जाणे, माणसामाणसांतील आणि माणूस व देव यांमधील नाते जुळलेले असणे, हे सगळे त्यात येते. कुशल विचारतानाही तो शब्द येतो आणि निरोप घेतानाही. हा शब्द जिवंत माणसांचा आहे. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना शांती देऊन जात असल्याचे सांगितले ते याच अर्थाने. ते त्याने केव्हा सांगितले हेही लक्षात घ्यावे. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे ती वधस्तंभाच्या आदली रात्र होती. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो इतका व्याकूळ झाला की, जमिनीवर पडून त्याने हे दुःख टळावे अशी प्रार्थना केली. ते टळले नाही. मग त्या बाईंना आम्ही जे म्हणालो, ते कोठून आणले होते? आमच्या ग्रंथात तर ते नव्हते.

हे पुस्तकातले झाले. आपल्याच मातीतील माणसांकडे वळू. पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्याचा जो भाग आम्हांला येथे सांगावासा वाटतो, तो मात्र क्वचितच सांगितला जातो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, एवढ्याने त्या काळी त्यांना पुष्कळ सोसावे लागले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. व्रते, उपास, दानधर्म, देवदर्शन, जे जे शास्त्रात सांगितले ते ते या कुटुंबाने केले होते. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. कोलकात्यात विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. चोविसाव्या वर्षापूर्वी एवढे मृत्यू पाहिलेल्या या बाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट सांगणारे बहुधा थांबतात. शोध संपला, शांती मिळाली, असे सांगून मोकळे होतात. रमाबाई स्वतः मात्र तसे म्हणत नाहीत. आपल्या आध्यात्मिक प्रवासाविषयी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे त्या अस्वस्थच होत्या. धर्म मिळाला होता, मते पटली होती, उपासना चालू होती. पण ज्याच्यावर भार टाकून निश्चिंत व्हावे तो भेटला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यात त्यांनी एका पुस्तकाचा उल्लेख केला आहे. ते विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त होते. या हॅस्लमची गोष्ट मोठी विलक्षण आहे. हे गृहस्थ कित्येक वर्षे लोकांना उपदेश करीत होते, आणि १८५१ मध्ये एके दिवशी व्यासपीठावरून प्रवचन देता देताच त्यांच्या ध्यानात आले की, आपण सांगतो ते आपल्यालाच लाभलेले नाही. (भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे अधूनमधून आठवावे.) रमाबाईंनी ते वाचले आणि त्यांना आपली स्थिती ओळखू आली. आपली विद्या, आपले कार्य, आपला चांगुलपणा यांच्या बळावर देवापुढे उभे राहावयाचे नाही, आहे तसे त्याच्या स्वाधीन व्हावयाचे, ही गोष्ट त्यांच्या मनात १८९१ च्या सुमारास उतरली. आपल्याला शांती लाभली असे त्या सांगतात ती तेव्हाची.

या शांतीने त्यांचे आयुष्य निर्वेध केले काय? दोन वर्षांच्या आत, १८९३ मध्ये, त्यांच्या शारदासदनावर मोठे वादळ आले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचे वळण पडते, असा आक्षेप घेतला गेला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर सल्लागार दूर झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. तो आक्षेप घेणारे सारेच दुष्ट होते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी विश्वासाने मुली सोपवल्या होत्या त्यांची भीती समजण्यासारखी होती. आज आम्ही खाटेपाशी जो नियम पाळतो, त्याच्या मुळाशीही तीच जाणीव आहे. सांगायचे एवढेच की, शांती लाभल्यावर रमाबाईंच्या वाट्याला स्वस्थता आली नाही.

त्यानंतर काय झाले, ते तर आपल्या भागाशी निगडित आहे. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. नागपूर तेव्हा याच मध्य प्रांताची राजधानी होती. लहानपणी ज्या बाईने दुष्काळात आईवडील गमावले होते, ती बाई स्वतः या मुलखात आली, अनाथ मुली आणि विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यात घेऊन गेली. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. आम्हांला वाटते, टिकणाऱ्या शांतीची खूण पाहायची तर ती येथे पाहावी. माणूस आपल्या सर्वांत मोठ्या जखमेच्या ठिकाणी पुन्हा जाऊन उभा राहू शकतो. न घाबरता जातो असे नव्हे. घाबरत असला तरी जातो.

अखेरच्या वर्षांत त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील मुली करीत. ऐकू येणे फार कमी झाले होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर सगळे सोपवायचे होते तीच. रमाबाई पुढे जेमतेम नऊ महिने जगल्या आणि त्या महिन्यांत भाषांतराचे काम करीत राहिल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, असे सांगतात. मुलीच्या मृत्यूनंतर त्यांना दुःख झाले नसेल, असे कोणी म्हणेल काय? त्यांचा विश्वास कमी पडला, असे तरी कोणी म्हणेल काय?

आता नागपूरची एक गोष्ट.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एक मराठी तरुण बसला होता. वय बत्तिसाच्या आत. कवी, संस्कृतचा जाणकार, नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केलेला, स्वभावाने कमालीचा चंचल आणि तितकाच उदार. नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी संस्कृत काव्याविषयी गोष्टी काढल्या, आपुलकीने बोलले, उतरताना नव्या कराराची प्रत हाती दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे काहीसे सांगून गेले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पुस्तक मात्र त्यांनी वाचले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना ठाऊक नव्हते.

त्याच लोहमार्गाने आजही डोंगरगड, राजनांदगाव, गोंदिया, भंडारा येथून रुग्ण या शहरात येतात. गठुडे, पाण्याची बाटली, कागदांची पिशवी सांभाळत उतरणाऱ्या त्या माणसांना पाहिले की, आम्हांला पुष्कळदा तो डबा आठवतो.

पण गोष्टीची दुसरी बाजू घरी होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि संसार मोडलेला. पुढची चारपाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. टिळकांना मनःशांती मिळाली असेल. तिची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनी मोजली. ख्रिस्ती मंडळींत ही गोष्ट सांगताना हा भाग घाईने उरकण्याची रीत आहे. ती आम्हांला बरी वाटत नाही. एकाच्या शोधामुळे दुसऱ्याला जे दुःख झाले ते दुःखच होते. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते लपविलेले नाही, आणि नवऱ्याला बोल लावायला कमीही केलेले नाही. म्हणूनच ते पुस्तक धर्म मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना सारखेच प्रिय आहे.

त्या पुस्तकाचा आरंभ ज्यांनी वाचला असेल त्यांना लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आठवेल. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोळच्या घरातील कर्त्या पुरुषाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात विटाळाचे भय असे काही शिरले की, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. मीठसुद्धा. मीठ धुतले तर काय उरणार? लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या विनोदाने लिहिले आहे की, वाचणारा हसत सुटतो. पण हसू ओसरल्यावर त्या गृहस्थाची कीव येते. या रुग्णालयातील डॉक्टरमंडळी आज त्याला दुखण्याचे नाव देतील आणि औषधही देतील. दिलेच पाहिजे. मनाच्या आजारात श्रद्धा हा औषधाचा पर्याय नव्हे. झोप न लागणे, सतत रडू येणे, जीव नकोसा होणे, अशा वेळी प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जावे. जो प्रार्थना सांगतो आणि डॉक्टर नको म्हणतो, त्याचे ऐकू नये. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण ख्रिस्ती कुटुंबांतही अशा आजाराला विश्वासाची उणीव समजून लपविले जाते आणि त्यात माणसे दगावतात.

तर अशा भयाच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल वेगळी ठेवली. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांचे ते बंधन एकदम कोणी तोडले नाही. विचार करता करता एके दिवशी माणसामाणसांतील विटाळ त्यांच्या मनातून गळून पडला. तोही बाप्तिस्म्याच्या आधी. मग १९०० मध्ये राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात आणि साथीत पोरकी झालेली मुले टिळक घरी आणीत आणि त्यांना जेवू घालण्याचे काम अर्थातच बाईंच्या वाट्याला येई. कोणाच्या सावलीचेही भय बाळगणाऱ्या बापाची मुलगी कोणाकोणाची पोरे न्हाऊमाखू घालीत होती. भय जाणे म्हणजे काय, याचे याहून ठसठशीत उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

टिळकांचा चंचलपणा मात्र अखेरपर्यंत गेला नाही. १९०४ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'चे काम त्यांनी केले, शेकडो अभंग लिहिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोचलो, असे ते मानीत, आणि ती कृतज्ञता त्यांनी कधी झाकली नाही. तरी १९१७ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडावयास निघाले. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा अंत झाला. मनःशांती लाभलेला माणूस संथ, स्थिर आणि हळू बोलणारा झाला पाहिजे, अशी आपली एक समजूत असते. टिळकांनी ती साफ खोटी ठरविली. स्वभाव तोच राहिला. त्याला बसायला एक ठिकाण मिळाले, एवढेच.

लक्ष्मीबाई त्यांच्या मागे सतरा वर्षे जगल्या. टिळकांचे 'ख्रिस्तायन' थोड्याच अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. जिने अक्षरओळख कशीबशी करून घेतली होती त्या बाईने त्याचे पुढचे ६४ अध्याय लिहिले. १९३३ मध्ये येथेच, नागपुरात, मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले तेव्हा त्या त्याच्या अध्यक्षा होत्या. ज्या शहरातून निघालेल्या गाडीत आपला संसार मोडण्याची सुरुवात झाली, त्या शहरात अध्यक्ष म्हणून येताना त्यांच्या मनात काय आले असेल? ते ऐकायला आम्हांला फार आवडले असते.

आता पुन्हा त्या बाकावरच्या बाईंकडे येतो.

नव्या करारात पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आहे. देवाची शांती तुमच्या अंतःकरणाचे रक्षण करील, अशा आशयाचे वचन त्यात आहे आणि ते ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ठिकठिकाणी टांगलेले दिसते. मूळ ग्रीक भाषेत तेथे पहारेकऱ्याच्या कामाचे क्रियापद आहे. पौल ते पत्र कैदेतून लिहीत होता. पहारा त्याच्या नित्य परिचयाचा होता. पहारेकरी वेशीवर उभा असतो म्हणून शत्रू येत नाही असे नाही. शत्रू येतोच, म्हणून तर तो उभा असतो. याच पत्रात थोडे आधी एपफ्रदीत नावाच्या एका सोबत्याच्या आजारपणाची हकीकत आहे. हा सोबती मरणाच्या दारी जाऊन परत आला. पौल लिहितो की, तो वाचला म्हणून मला दुःखावर दुःख झाले नाही. त्याला पाहून तुम्हांला आनंद होईल आणि माझीही काळजी हलकी होईल. म्हणजे काळजी होती. शांतीचे ते प्रसिद्ध वचन लिहिणारा माणूस त्याच पत्रात आजारी सोबत्याची चिंता करीत असल्याचे कबूल करतो. भिंतीवर टांगताना आपण ते वचन तेवढे घेतले आणि एपफ्रदीताला बाहेर ठेवले.

आम्हांला उमगले ते असे. ख्रिस्ती श्रद्धेने मिळणारी शांती ही निकालाची हमी नाही. रक्ताचे अहवाल चांगले येतील, शस्त्रक्रिया यशस्वी होईल, माणूस घरी येईल, असे ती सांगत नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, औषधे आहेत आणि त्यांनाही सीमा आहेत. ती एवढेच सांगते की, निकाल काहीही लागो, तुमच्याजवळचा तुम्हांला सोडून जाणार नाही. वधस्तंभावर गेलेला देव आम्ही मानतो. दुःखाच्या बाहेर उभे राहून धीर देणारा तो नाही. आत आलेला आहे. हे ज्याला आतून पटले त्याचे रडणे थांबत नाही. लाजरच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. पण रडताना आपण टाकले गेलो आहोत, ही भावना हळूहळू कमी होते. हळूहळू, हे महत्त्वाचे. रमाबाईंना आठ वर्षे लागली, लक्ष्मीबाईंना पाच. एका सायंकाळच्या प्रार्थनेत ती कोणाच्या पदरी टाकता येईल असे समजणे, हीच आमची त्या दिवशीची चूक होती.

त्या बाई महिन्याभराने काही राहिलेले कागद नेण्यासाठी आल्या होत्या. आम्ही त्यांना शोधून काढून एवढेच म्हणालो, "तुमचा विश्वास कमी पडला नाही. आम्ही जे बोललो ते चुकीचं होतं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून यजमानांचा फोटो काढून दाखविला. लग्नातला होता. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. त्यांना शांती मिळाली किंवा नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही.

तेव्हापासून आमच्या वागण्यात काही फरक पडला आहे. 'सर्व चांगले होईल' हे वाक्य आम्ही सोडून दिले. नवीन येणाऱ्या सोबत्यालाही पहिल्या दिवशी तेच सांगतो. आम्ही कमी बोलतो. नाव विचारतो, गाव विचारतो, जेवलात का विचारतो. धरमपेठेत नवख्या माणसाला रात्री नऊनंतर स्वस्तात वरणभात कोठे मिळेल, ही माहिती कित्येकदा प्रार्थनेच्या आधी लागते. कोणी रामरक्षा म्हणत असेल तर ती संपेपर्यंत शेजारी बसून राहतो. कोणी नमाजासाठी जागा विचारली तर दाखवतो. कोणी बुद्धवंदना म्हणत असेल तर आवाज न करता उठतो. आमच्या प्रभूविषयी विचारले तर मात्र आडपडदा ठेवत नाही, जे आहे ते सांगतो. ही श्रद्धा आमच्याजवळ नसती तर दर आठवड्याला त्याच जिन्याने वर जाण्याचे बळ आम्हांला पुरले नसते. आमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या घरी कोणी ना कोणी गमावलेले आहे. मरणाच्या जवळ बसणे माणसाला सवयीचे होते असे लोक म्हणतात. आम्हांला ते झालेले नाही. दर वेळी जड जाते. तरी घरी परतताना, गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी घेताना, मनात खोलवर एक जागा निवांत असते, हेही तितकेच खरे. ती आम्ही मिळविलेली नाही. दिलेली आहे.

देणगीदारांस एक विनंती करून थांबतो. तळमजल्यावर, औषधाच्या खिडकीपलीकडे, नातेवाइकांना बसण्याची एक लहान खोली गेल्या काही वर्षांपासून आहे. तिला कोणत्याही धर्माचे चिन्ह लावलेले नाही आणि लावू नये, असेच आमचेही मत आहे. तेथे दोन बाके, एक पंखा आणि पिण्याच्या पाण्याचे भांडे आहे. रात्री थांबणाऱ्यांची संख्या वाढली आहे. अतिदक्षता विभागाबाहेरचे लोक जमिनीवर चादर टाकून निजतात. आणखी चारसहा बाके, काही सतरंज्या आणि हिवाळ्यासाठी ब्लँकेटे मिळाली तर सोय होईल. आमच्यापैकी कोणीतरी बुधवारी आणि शनिवारी सायंकाळी पाच ते सात तेथे असतो. बोलायचे नसले तरी यावे. नुसते बसले तरी चालते.